खालच्या कप्प्यातला कापूस

नासिर पिंजारी आता अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि गेली एकवीस वर्षं तो उंदरांची चाकरी करतो. हसू नका, तो स्वतःच तसं सांगतो. नांदेडहून विष्णुपुरीकडं जाताना एक फार्मसी कॉलेज लागतं. त्याच्या मागच्या अंगाला बिनखिडकीची एक खोली आहे, तिला सगळे अॅनिमल हाऊस म्हणतात. तिथला झाडूवाला नासिर, वाढपी नासिर, पहारेकरी नासिर आणि मेलेल्यांना शेवटचं पोचवणाराही नासिरच. "आमचं खानदान गाद्या-रजया भरणारं," तो म्हणतो. "बापानं अख्ख्या नांदेडची माणसं निजवली. मी उंदरं निजवून राहिलो."

बाप खांद्यावर पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं तारेचं धनुकलं, टाकून गल्लोगल्ली फिरायचा. नासिरही दहा-बारा वर्षं फिरला. मग फोमच्या गाद्या आल्या, कापूस पिंजायच्या मशिनी आल्या, आणि ओळखीच्या एका मास्तरांनी त्याला कॉलेजात चिकटवून दिलं. पिंजण घरी भिंतीवर टांगलेलं राहिलं. वहिदा, म्हणजे त्याची बायको, ईदच्या आधी त्याच्यावरची धूळ तेवढी पुसायची.

कॉलेजातलं काम सोपं नाही, आणि त्याचं कौतुक तर कुणालाच नाही. सकाळी सातला यायचं, चपला बाहेर, अंगावर झगा, तोंडाला फडकं. पिंजऱ्यातला घाण भुसा काढायचा, नवा घालायचा, पाण्याच्या बाटल्या उकळायच्या. एखादं मेलेलं दिसलं की वहीत त्याचा नंबर लिहायचा आणि पिवळ्या पिशवीत टाकायचं. एवढ्या वर्षांत गुडघे गेले, पण अंगाचा वास काही गेला नाही. बसमध्ये शेजारचा माणूस जरा सरकून बसला की नासिर खिडकीबाहेर बघतो. आता त्याला राग येत नाही, रागाला पण अंगात जोर लागतो.

त्यात दोन वर्षांपूर्वी वहिदाच्या छातीत गाठ निघाली. एकुलती मुलगी कहकशां धर्माबादला दिलेली, तिच्या पदरात दोन लेकरं. वहिदाची बहीण लातूरला राहते, म्हणून दवाखाना लातूरचा धरला. दर तीन आठवड्यांनी एसटी. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, आणि तोच रस्ता परत. ऑपरेशन झालं, सलाइनी झाल्या, केस गेले, केस परत आले. सुटलो बाबा एकदाचे, असं म्हणेपर्यंत तपासणीत फुफ्फुसात ठिपके दिसले. पुन्हा एसटी सुरू.

औषध घेऊन आली की वहिदाला थंडी भरायची. नांदेडच्या उन्हात माणसं अंगावरचा सदरा काढून बसतात, आणि ही बाई दोन चादरी घेऊन कुडकुडायची. विकतचं ब्लँकेट तिला जड व्हायचं. मग नासिरनं माळ्यावरचं बापाच्या वेळचं कापसाचं गाठोडं काढलं. गावरान कापूस होता, तसला आता पेरतंच कोण! भिंतीवरचं पिंजण उतरवलं, तार ताणली आणि दोन दिवस अंगणात कापूस पिंजला. दीड किलोची रजई भरली. टाके घालायला हात विसरला नव्हता. पहिल्यांदा ती रजई अंगावर घेतली तेव्हा वहिदा म्हणाली, "आता कुठं जीवाला ऊब आली." उरलेला पिशवीभर कापूस नासिरनं पत्र्याच्या डब्यात ठेवून दिला.

आता बुद्धप्रियाचं सांगायला पाहिजे. ती अहमदपूरची, साहेबराव कंडक्टरांची मुलगी, वय एकतीस. कॉलेजात पीएचडी करते, आणि तिचं पाचवं वर्ष सुरू होतं. मुलगी हुशार, पण चार वर्षं हाताला काही लागलं नव्हतं. कधी औषध नासायचं, कधी उंदीरच मरायचे. तिचे गाइड मन्मथ सर भले माणूस, पण तेही हल्ली तिच्याशी बोलताना घड्याळाकडं बघायचे.

तिचा विषय तिनं नासिरला पहिल्याच वर्षी समजावला होता. आपल्या अंगात पहारेकरी असतात, मामू, असं ती म्हणाली. कॅन्सरची गाठ त्यांना गुंगी देऊन बसवते. ती गुंगी उतरवणारं औषध आहे, पण सुईनं दिलं की ते अख्ख्या अंगात पसरतं. गाठीपर्यंत थोडंच पोचतं आणि बाकीचं चांगल्या अंगाला छळतं. म्हणून ती ते औषध चरबीच्या कणांत भरत होती. कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारभर शेजारी शेजारी बसतील. त्यांना नॅनो कण म्हणायचं. ते गाठीत शिरतात आणि तिथंच फुटतात.

"म्हंजे रजईवर दोरा फेकायचा न्हाई," नासिर म्हणाला, "सुईत ओवून जिथं पाहिजे तिथंच टाका घालायचा."

"हाव मामू! हे मी प्रबंधात लिहिते बघा," ती हसून म्हणाली. लिहिलं नाही, पण तेव्हापासून कुठंही भाषण असलं की ती आधी नासिरपुढं म्हणून दाखवायची. मामूला कळलं तर सगळ्यांना कळेल, असा तिचा हिशोब.

जानेवारीत तिचा मोठा प्रयोग लागला. चोवीस पांढऱ्या उंदरी, सगळ्यांच्या कुशीत सारखी गाठ. वरच्या कप्प्यातल्या आठांना नुसतं खारं पाणी, मधल्या आठांना साधं औषध, खालच्या आठांना नॅनो कणांतलं औषध. खोलीत बारा महिने एसी, काटा बावीसवर, हा नियम. पण एसीचा झोत नेमका खालच्या कप्प्यावर पडायचा. कागदावर बावीस असेल, तिथं हात धरला तर गारठा लागायचा. नासिर सकाळी बघायचा तर खालच्या आठही जणी आपापल्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढून बसलेल्या, पाठी फुगवलेल्या. घरी वहिदा अशीच पाय पोटाशी घेऊन पडायची.

दुसऱ्या दिवशी नासिरनं डब्यातला कापूस आणला. नियमाचा पक्का माणूस, मशीनमध्ये वाफेवर निर्जंतुक केल्याशिवाय त्यानं तो आत नेला नाही. खालच्या दोन्ही पिंजऱ्यांत एक एक मूठ घातली. उंदरींनी तासाभरात त्याचं घरटं केलं आणि आत शिरून झोपल्या. भुसा बदलायचा तेव्हा कापूसही बदलायचा, असं सहा आठवडे चाललं. कुणाला सांगितलं नाही. लपवलंही नाही म्हणा. पण पिंजाऱ्यानं थंडीत मूठभर कापूस दिला, ही काय सांगायची गोष्ट आहे? बुद्धप्रियानं घरटं पाहिलं असेल, पण भुशासारखंच काही कॉलेजनं आणलंय असं तिला वाटलं असेल. तिचं लक्ष गाठी मोजण्यात.

आणि गाठी उतरायला लागल्या! खालच्या आठांपैकी सातांच्या. मधल्या कप्प्यात एकीची, वरच्या कप्प्यात एकीचीही नाही. बुद्धप्रियानं तीनदा मोजलं. मग ती स्टुलावर बसून रडली, आणि रडता रडता नासिरला म्हणाली, "मामू, झालं हो. पाच वर्षांनी झालं." मन्मथ सरांनी स्वतः पेढे आणले. नासिरला पहिल्यांदा कुणी त्या खोलीत पेढा दिला.

तो पेढा त्यानं रुमालात बांधून घरी नेला. घरात त्यांची बोली दखनी, इथं आपण मराठीतच ऐकू. "आठात सात?" वहिदानं विचारलं. "आठात सात," तो म्हणाला. ती उशीला टेकून बसली. कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडावर रंग दिसला. "मग आता माणसांना देतील? मला मिळंल?"

आता तुम्ही असता तर काय म्हणाला असता? नासिर म्हणाला, "मिळंल की. लवकरच."

त्या दिवसापासून वहिदा बदलली. सलाइनीला जाताना कुरकुर करीना. बसमध्ये शेजारणीला सांगायची, आमच्या इथल्या एका मुलीनं औषध काढलंय, आठात सात बऱ्या होतात. नासिर खिडकीबाहेर बघायचा. पण ती पोटभर जेवत होती, एवढ्यावर त्यानं समाधान मानलं.

मार्च संपत आला तेव्हा बुद्धप्रियाला हैदराबादला मोठ्या लोकांपुढं हे सगळं मांडायचं होतं. नेहमीप्रमाणं तिनं नासिरला समोर बसवलं. सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, "आता ते आडवे प्रश्न विचारतील, त्याची उत्तरं ऐका." एक एक कागद काढून ती प्रश्न वाचायची, मग उत्तर द्यायची. पाचवा की सहावा प्रश्न होता, सगळ्या पिंजऱ्यांत ऊब सारखी होती का?

"हे कशाला विचारत्यात?" नासिरनं सहज विचारलं.

"लई महत्त्वाचं आहे मामू. आपल्याला बरं वाटतं ते बावीस उंदराला गारच, आणि थंडी वाजली की त्याची सगळी ताकद अंग गरम ठेवण्यात जाते. पहारेकरी थकतात. ऊब मिळाली तर तेच पहारेकरी गाठीशी जोरात लढतात, औषध नसलं तरी थोडं लढतात. म्हणून एकाला ऊब आणि एकाला थंडी असं झालं, तर औषधानं झालं की उबेनं, हे कळतच नाही. अख्खा प्रयोग पाण्यात. पण आपलं तसं नाही, आपला काटा बावीस." आणि तिनं कागद उलटा ठेवून पुढचा प्रश्न घेतला.

नासिरला पुढचं काही ऐकू आलं नाही. पाणी प्यायला जातो म्हणून तो उठला, ते मागच्या पायरीवर जाऊन बसला.

तीन दिवस तो गप्प राहिला. मनाला हरतऱ्हेनं समजावलं. मूठभर कापसानं काय होतंय? कुणाला कळणार आहे? सांगितलं तर त्या पोरीची पाच वर्षं गेली, आपली नोकरी जाईल, दोन वर्षांवर पेन्शन आलेली. आणि घरी? घरी त्या सातांवर एक बाई जगून राहिली आहे. तिला काय सांगायचं, ते सात खरे नव्हते? शुक्रवारी नमाजला गेला, तिथंही त्याला तो खालचा कप्पाच दिसत होता. जेवण जाईना. भुसा बदलताना दोनदा बाटल्या हातातून सुटल्या.

वहिदा आजारी होती, आंधळी नव्हती. चौथ्या दिवशी दुपारी तिनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "काय झालंय ते सांगा. माझ्या रिपोर्टचं काही आहे का?"

मग त्यानं सांगितलं. कापूस, कप्पा, काटा, सगळं. सांगताना तिच्याकडं बघितलं नाही. रजईवरच्या टाक्यांवरून तिचं बोट फिरत होतं.

"म्हणजे ते सात औषधानं झाले, का तुमच्या कापसानं, हे कुणालाच माहीत न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई."

"उद्या माझ्यासारख्या एखादीला ते औषध टोचतील. ती पण आठात सात म्हणून आशेवर बसंल." तिला खोकला आला, तो थांबेपर्यंत ती थांबली. "सांगा त्या पोरीला. मला खोटी खुशखबर नको. लई झाल्या."

नासिरनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. बुद्धप्रिया आधी हसली, मामू थट्टा करतायत असं तिला वाटलं. मग तिनं खालच्या कप्प्याजवळ हात धरून बघितला. आणि मग जी चिडली! "मामू, काय केलं हो हे? मला एका शब्दानं विचारायचं तरी! आठ दिवसांवर हैदराबाद आलंय माझं!" नासिर मान खाली घालून उभा. त्याला वाटलं, हिनं आणखी बोलावं, थांबू नये. पण ती पर्स उचलून निघून गेली आणि संध्याकाळच्या गाडीनं अहमदपूरला घरी गेली. मन्मथ सरांनी हैदराबादला कळवून टाकलं, येत नाही म्हणून. नासिरला ते एवढंच म्हणाले, "तुम्ही सांगितलं, हे बरं केलं." पण त्यांचाही चेहरा उतरला होता.

पुढच्या आठवड्यात नासिर वहिदाला घेऊन लातूरहून परत येत होता. बुद्धप्रियाचा फोन आला, "मामू, अहमदपूरला गाडी थांबंल तेव्हा खाली उतरा. मी स्टँडवर आहे." वहिदा म्हणाली, मीही उतरते.

स्टँडवरच्या बाकड्यावर तिघं बसले. बुद्धप्रियाचे डोळे सुजलेले, पण आवाज शांत होता. "चूक तुमची एकट्याची नाही मामू. पिंजरे दर दोन दिवसांनी वरखाली फिरवायचे असतात. पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. मी कंटाळा केला. फिरवले असते तर झोत सगळ्यांनाच लागला असता." मग वहिदाकडं वळून म्हणाली, "मामी, मामूंनी सांगितलं नसतं तर मी आयुष्यभर खोट्यावर उभी राहिले असते." आणि पुन्हा नासिरला, "मला अजून एकदाच उंदीर मिळणार आहेत. सरांनी शब्द टाकलाय. यावेळी सगळ्या पिंजऱ्यांत कापूस घालायचा, सगळ्यांना सारखा. पण कापूस तोच पाहिजे, तसाच पिंजलेला. दुसरं काही बदललं तर पुन्हा प्रश्न उभा राहील. आहे का शिल्लक?"

"न्हाई बेटा, संप..." नासिर म्हणायला लागला.

"आहे," वहिदा म्हणाली. "दीड किलो आहे."

कंडक्टरनं घंटी दिली. नासिर तिच्या तोंडाकडं बघत राहिला, तिनं त्याचा हात धरून त्याला बसकडं वळवलं.

घरी आल्यावर तो नाही म्हणाला. दोन दिवस नाही म्हणाला, एकदा ओरडलासुद्धा, आयुष्यात पहिल्यांदा. "उन्हाळा आलाय," वहिदा म्हणाली. "उन्हाळ्यात रजई कशाला लागते माणसाला?" तिला उन्हाळ्यातही लागते हे दोघांना माहीत होतं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच कात्री घेऊन टाके उसवायला बसली, तेव्हा त्यानं तिच्या हातातली कात्री घेतली. मुठी मोजल्या, सगळ्या पिंजऱ्यांना सहा आठवडे पुरायला अर्धी रजई लागणार होती. तेवढाच कापूस काढून त्यानं पुन्हा पिंजला. ती पलंगावरून तार वाजताना ऐकत होती. उरलेल्या कापसाची त्यानं पातळ रजई भरून दिली.

मग सहा आठवडे. मूठ काट्यावर तोलून घालायची, पिंजरे दर दोन दिवसांनी फिरवायचे, वहीत लिहायचं. बुद्धप्रिया फार बोलायची नाही, नासिरही नाही. दोघं थकलेली माणसं, काम करून राहिलेली. गाठी मोजायच्या दिवशी तिनं मोजून झाल्यावर वही मिटली आणि स्टुलावर बसली. यावेळी रडली नाही.

"नॅनो कणांच्या आठांत चार," ती म्हणाली. "साध्या औषधाच्या दोन. नुसत्या पाण्याची एक, ती तुमच्या कापसाची. सात नाहीत, मामू. आणि आकडा इतका लहान, की या चारांवर कुणी पेढे वाटणार नाही. पण हे चार खरे आहेत."

"माणसांपर्यंत यायला किती वरसं?" नासिरनं विचारलं. हा प्रश्न त्यानं आजवर कधी विचारला नव्हता.

तिनं त्याच्याकडं बघितलं, आणि तिला कळलं तो कुणासाठी विचारतोय. "दहा-बारा," ती म्हणाली. "आलं तर."

मे महिन्याची दुपार होती. रस्त्यावर डांबर मऊ पडलेलं. घरात पंखा होता तेवढ्या जोरात फिरत होता, आणि वहिदा पातळ रजई हनुवटीपर्यंत ओढून पडलेली. ती आता फार बारीक झाली होती. त्यानं चार सांगितले. तिनं डोळे मिटूनच मान हलवली, "चार. चार पण लई झाले." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आणि माणसांना कधी?"

नासिर पलंगाच्या कडेला बसला. खोटं जिभेवर आलं होतं, तयारच होतं. ते त्यानं गिळलं. "दहा-बारा वरसं. आलं तर."

वहिदानं डोळे उघडले आणि त्याच्याकडं बघितलं. राग नव्हता त्यात. "आता खरं बोललात," ती म्हणाली. मग पाय पोटाशी घेतले, रजईचं टोक खांद्याखाली खोचलं.

"तेवढा पंखा बंद करा. थंडी वाजून राहिली."